सँडर्स यांची उमेदवारी सुपरडेलिगेटांनी हिरावली नव्हती

अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कसा निवडला, याबद्दल एक दावा २०१६ पासून फिरतो आहे : "मतदारांना बर्नी सँडर्स हवे होते, पण सातशे बड्या सुपरडेलिगेटांनी उमेदवारी हिलरी क्लिंटन यांना बहाल केली. आजही तसंच चालतं. म्हणून प्रतिनिधीच रद्द करा आणि देशभरची मतं थेट मोजा." उमेदवार ठरतो तो पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या मतांनी; सुपरडेलिगेट म्हणजे मतदारांच्या कौलाने न ठरता पदामुळे प्रतिनिधी होणारे पक्षाचे नेते. हा दावा पुढे पाठवणाऱ्यांची चीड खरी आहे. पण बोट चुकीच्या जागी ठेवल्याने खरी दुरुस्ती मागे पडते, म्हणून हे लिहितो आहे.

"मतदारांना सँडर्स हवे होते." क्लिंटन यांना सुमारे ५५ टक्के मतं मिळाली, सँडर्स यांना ४३. मतदानातून ठरलेले, म्हणजे मतदारांच्या कौलाशी बांधील असे ४,०५१ प्रतिनिधी होते. त्यांतले सुमारे २,२०० क्लिंटन यांचे, साधारण १,८५० सँडर्स यांचे. सुपरडेलिगेट अस्तित्वातच नसते तर बहुमतासाठी २,०२६ लागले असते, आणि ते क्लिंटन यांच्याकडे होते. उलट मतदानात मागे पडल्यावर सुपरडेलिगेटांनी आपल्याकडे वळावं, हा आग्रह सँडर्स यांनीच धरला होता.

तरी तक्रारीत तथ्य आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स ६० टक्के मतं घेऊन जिंकले, बांधील प्रतिनिधी १५ विरुद्ध ९ आले. पण तिथल्या सहा सुपरडेलिगेटांनी आधीच क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता, त्यामुळे अनेक ठिकाणी हिशेब बरोबरीत दाखवला गेला. त्याहून वाईट ६ जूनच्या संध्याकाळी घडलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सुपरडेलिगेटांचे पाठिंबे धरून क्लिंटन उमेदवार झाल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीचं मतदान दुसऱ्या दिवशी होतं. न्यू जर्सीतल्या मराठी डेमोक्रॅट मतदारांनाही निकाल लागल्याचं ऐकूनच केंद्रावर जावं लागलं. निकाल यातून उलटला नाही, पण मतदाराचा हा अपमानच होता.

"आजही तसंच चालतं." नाही. २५ ऑगस्ट २०१८ रोजी शिकागोत पक्षाच्या राष्ट्रीय समितीने नियम बदलला. लढत चुरशीची असेल तर अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत नाही. पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळालं नाही, तर पुढच्या फेरीपासून ते मत देतात. हा बदल सँडर्स समर्थकांनी लढून मिळवला. विजय त्यांचा असताना तो झालाच नाही असं सांगणं त्यांच्यावरच अन्याय करतं.

"प्रतिनिधीच रद्द करा." इथे मात्र थांबावं लागेल. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी (उमेदवार निवडण्यासाठी राज्यात होणारं पक्षाचं मतदान) न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. त्या संतापातून पक्षाचे नियम सुधारणारा मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला आणि प्रतिनिधी मतदारांकडून ठरू लागले. म्हणजे बड्यांच्या हातून निवड काढून घेतली गेली ती याच प्रतिनिधींमार्फत. शिवाय प्रायमऱ्या चार-पाच महिने चालतात, मधेच उमेदवार गळतात, आणि कोणालाच बहुमत मिळालं नाही तर तडजोड करायला माणसं लागतात. २१ जुलै २०२४ रोजी जो बायडन यांनी माघार घेतली, तेव्हा त्यांच्या नावावर पडलेली मतं स्वतःहून दुसऱ्या कोणाकडे जाऊ शकत नव्हती. निर्णय प्रतिनिधींनीच घेतला.

मग काय बदलायचं? माझ्या मते सर्वांत आधी दार, म्हणजे या निवडीत मत कोणाला आणि कसं देता येतं ते. २०१६ साली न्यूयॉर्कची प्रायमरी १९ एप्रिलला होती, पण आधीच नोंदणी असलेल्याला पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती. सँडर्स यांचे कितीतरी चाहते तिथेच बाहेर राहिले. कॉकसचा, म्हणजे ठरल्या वेळी सभेला हजर राहून पाठिंबा नोंदवायच्या पद्धतीचा, दोष उलट्या बाजूचा. वॉशिंग्टन राज्यात मार्चच्या कॉकसला सव्वादोन लाखांच्या आसपास लोक आले आणि सँडर्स मोठ्या फरकाने जिंकले. मे महिन्यात तिथेच प्रायमरीत सुमारे आठ लाख मतं पडली, क्लिंटन पुढे राहिल्या, पण प्रतिनिधी कॉकसवरूनच ठरले. त्या राज्याने २०२० पासून प्रायमरी स्वीकारली, हे योग्य झालं.

दुसरी गरज २०२४ ने दाखवली. बायडन यांच्या जागी उभं राहू इच्छिणाऱ्याला ३०० प्रतिनिधींच्या सह्या आणायच्या होत्या, एका राज्यातून जास्तीत जास्त ५०. हे घाईत ठरलं, ऑगस्टच्या सुरुवातीला ऑनलाइन मतदान झालं आणि मतपत्रिकेवर एकट्या कमला हॅरिस राहिल्या. प्रायमऱ्यांनंतर उमेदवार हटला तर किती दिवस द्यायचे, किती सह्या लागतील, जाहीर वादसभा किती होतील, हे पहिली प्रायमरी होण्याआधीच नियमात लिहिलेलं असायला हवं.