अनामिकेची नेमणूक

बास गिटार वाजवणाऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि हाच त्या वाद्याचा मोठा फायदा आहे. बडोद्यात नवरात्र आले की मात्र हा फायदा संपतो. मैदानावर हजारो लोक फेर धरून फिरत असतात, गायक रंगात आला की लय चढत जाते, आणि ढोलाच्या जोडीने खालचा स्वर सांभाळणाऱ्याचा उजवा हात जरा ढिला पडला, तर ते गायकाच्या आधी नाचणाऱ्यांच्या पायांना कळते. यंदा आमच्या गायकाने लय आणखी वाढवण्याचा मनोदय जाहीर केला आणि तारा नेमक्या कोणत्या बोटांनी छेडायच्या, हा प्रश्न माझ्यापुढे येऊन ठाकला.

हिशेब तसा सरळ आहे. मिनिटाला १४० ठोके आणि दर ठोक्याला ४ स्वर धरले, तर मिनिटाला ५६० वेळा तार छेडावी लागते. तर्जनी आणि मध्यमा यांच्यात वाटणी केली, तर प्रत्येकीच्या वाट्याला २८० येतात. अनामिकेलाही कामाला लावले, तर हाच आकडा १८७ च्या आसपास उतरतो. कागदावर ही नेमणूक मंजूर व्हायला काहीच हरकत नव्हती. परंतु सरकारी कार्यालयात आयुष्य काढलेल्या माणसाला, कर्मचारी वाढवले की काम वेगाने होते, या सिद्धान्तावर विश्वास ठेवणे फार जड जाते.

थोरामोठ्यांकडे पाहावे, तर तेही एकमत होऊ देत नाहीत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमरसन एकट्या तर्जनीवर संसार चालवत. आयर्न मेडन या रॉक बँडचे स्टीव्ह हॅरिस घोडदौडीचा तो ठेका दोन बोटांनी रेटतात, बिली शीहान तीन बोटे वापरतात, आणि मोटरहेड बँडचे लेमी तर पिकनेच, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्यानेच, वाजवत. पिक मी आधीच बाद केला होता, कारण घामेजलेल्या हातातून तो सुटला की ऐन गरब्यात वायरींच्या गुंत्यात बसून शोधत राहावा लागतो.

दांडिया बाजारातल्या काकांना हा सगळा पेचच हास्यास्पद वाटला. त्यांनी तरुणपणी तबला शिकला आहे आणि त्या बळावर ते कोणत्याही वाद्यावर निकाल देतात. "अरे, दिल्लीचा बाजच मुळी दोन बोटांचा. त्या लोकांनी दोन बोटांत तबल्याच्या एवढ्या रचना, एवढे कायदे वाजवले, मग तुलाच तिसरे कशाला हवे?" तबल्याची कातडी पुडी जागच्या जागी बसून मार खाते, तार मात्र छेडल्यावर थरथरत राहते आणि पुढच्या बोटाला हुलकावणी देते, हे मी त्यांना सांगून पाहिले. "मग हळू मार," असे म्हणून त्यांनी चहा मागवला. गंमत अशी की, या साऱ्या सल्ल्यांत तेवढा एकच सल्ला खरा उपयोगाचा होता. वेगात वाजवायचे, तर बोटाने तार ओढायची नसते. नुसती पुसून पुढे जायचे असते आणि आवाज अॅम्प्लिफायरवर वाढवायचा असतो. काकांना मी हे अर्थातच सांगितलेले नाही.

तीन बोटांची खरी अडचण मोजणीत आहे. अनामिका, मध्यमा, तर्जनी असा क्रम ठेवून चार-चार स्वर वाजवले, की पहिल्या ठोक्याचा मान अनामिकेला मिळतो, दुसऱ्याचा मध्यमेला आणि तिसऱ्याचा तर्जनीला. ठोका दर वेळी नव्या बोटावर पडतो आणि तिघींचा आवाज काही केल्या सारखा येत नाही. मी फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकले. तर्जनीचा स्वर नेटका, मध्यमेचा भरदार, आणि अनामिकेचा असा, की जणू ती दारातूनच "आले, आले" म्हणत होती. तिचा दोष तरी काय? तिच्या मागच्या स्नायूंच्या दोऱ्या शेजारणींशी जोडलेल्या, त्यामुळे तिला एकटीने हलायची सवयच नाही. त्यात सर्वांत जाड तार सुमारे ०.१०५ इंच व्यासाची. मनगट थोडे तिरके करून तिन्ही टोके एका रेषेत आणली, तेव्हा कुठे ती वेळेवर येऊ लागली.

मग हींच हा गरब्याचा सहा मात्रांचा ताल सुरू झाला आणि दैव फिरले. सहा मात्रांना तीन बोटे दोनदा बरोबर पुरतात, सम दर वेळी त्याच बोटावर येते, आणि मला कधी नव्हे ते हसत हसत समोर पाहता आले. हे सुख गायकाला बघवले नसावे. त्याने पुढच्याच कडव्याला, कसलीही खूण न करता, केरवा ताल धरला. सहाच्या जागी आठ मात्रा आल्या आणि अनामिकेला भर मैदानात सक्तीच्या रजेवर पाठवावे लागले. तेव्हापासून व्यवस्था अशी आहे की, हींचला तिघी, केरव्याला दोघी, आणि पातळ तारेवरून जाड तारेकडे उतरताना पाळी कोणाची हे न पाहता तेच बोट शेजारच्या तारेवर घसरू द्यायचे.

एवढे जुळले, तेव्हा घरातून हरकत आली. माझ्या उजव्या अनामिकेत मंगळासाठी घातलेले पोवळे आहे. तीन बोटे वेगात चालू लागली, की ती अंगठी मध्यमेला सारखी घासते, म्हणून मी ती काढून देवघरात ठेवली होती. आईने ती पाहिली. "नवरात्रात अंगठी काढतोस? ते दुसरे बोट वापर की!" डाव्या हातात घालायची, तर तिथे ती गिटारची मान ओरबाडते. अखेर गुरुजींना विचारले, तेव्हा पोवळे लॉकेटमध्ये जडवून गळ्यात घातले तरी चालेल, असा निर्वाळा मिळाला. बायकोने ते शांतपणे ऐकून घेतले, सोन्याचा त्या दिवशीचा भाव पाहिला, आणि म्हणाली, "अहो, ते जेमरसन एकाच बोटाने वाजवायचे ना?"