मस्कारा पसरल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंत की वॉटरप्रूफ सांगून लावलेला मस्कारा दोन तासांत डोळ्यांखाली उतरला, रात्री चोळून काढताना पापण्यांचे केस हातात आले, आणि फोन केल्यावर "आमच्याकडे असं होत नाही" एवढंच ऐकायला मिळालं. आधी त्या फोनबद्दल माफी मागते. तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं.

चूक आमचीच आहे. वॉटरप्रूफ मस्कारा घामाला, अश्रूंना दाद देत नाही, पण तेलापुढे त्याचं काही चालत नाही. त्यात मेण असतं आणि तेल लागलं की ते मऊ पडून पसरतं. तुम्ही आय क्रीम लावून आला होतात, हे आमच्या वहीत लिहिलेलंही आहे. तरी ते क्रीम पुसून न घेता आम्ही मस्कारा लावला, तोही खालच्या पापण्यांना! तिथे तो लावायलाच नको होता. तुमच्यासाठी ट्यूबिंग मस्कारा योग्य ठरला असता. तो प्रत्येक केसाभोवती नळीसारखा बसतो, तेलाने सहसा पसरत नाही आणि कोमट पाण्याने निघून येतो.

केस गळाल्याचं वाचून जास्त वाईट वाटलं. पापणीचे एक-दोन केस रोज आपसूक गळतात, पण चोळल्याने जास्त जातात. वॉटरप्रूफ मस्कारा काढायला तेल असलेला रिमूव्हर लागतो. कापूस त्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता ठेवायचा, मग हलक्या हाताने खाली ओढून घ्यायचा. हे तुम्हाला निघताना सांगायला हवं होतं. आता प्रत्येकीला सांगतो, सोबत रिमूव्हरची छोटी बाटलीही देतो.

एकच ब्रश सगळ्यांना वापरता का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. प्रत्येकीसाठी नवा ब्रश घेतो आणि एकदा पापणीला लागलेला ब्रश पुन्हा नळीत घालत नाही. नळी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहितो आणि तीन महिन्यांनी ती टाकून देतो.

डोळे अजून चुरचुरत असतील, लाल असतील किंवा चिकट पाणी येत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर मस्कारा अजिबात लावू नका. घरचा मस्कारा या दिवसांत वापरला असेल, तर तोही टाकून द्या.

तुमचे पूर्ण पैसे आज परत करते. डोळे आता कसे आहेत, तेवढं नक्की कळवा.