बंदूकबाज नाही, हेच बरं

'रेसिडेंट ईव्हिल रिक्वीम' या हॉरर व्हिडिओ गेमवरचा तुमचा लेख वाचला; रिलीजची तारीख २७ फेब्रुवारी २०२६, ग्राफिक्स भारी, एवढंच त्यात आलं. खरी मजा गेमची नायिका ग्रेस अ‍ॅशक्रॉफ्टमध्ये आहे राव! ही एफबीआयची विश्लेषक, आधीच घाबरलेली. तिची आई अलिसा म्हणजे याच मालिकेतल्या 'आउटब्रेक' या जुन्या गेममधली पत्रकार, म्हणजे विषाणूनं उद्ध्वस्त झालेल्या रॅकून सिटी या काल्पनिक शहराचं जुनं प्रकरण थेट घरातच आलं. डेमोत लायटरच्या मिणमिणत्या उजेडात ती भिंतीला खेटून चालते, तेव्हाच माझी टरकली. फर्स्ट पर्सन (तिच्याच डोळ्यांतून बघायचं) की थर्ड पर्सन (तिच्या पाठीमागून), हेही आपणच निवडायचं. मी थर्डच घेणार, उगं कशाला जिवाशी खेळ!

धास्ती वेगळीच. आमच्या परभणीत लाइट कधी जाईल नेम नाही, अन् या मालिकेच्या जुन्या गेम्समध्ये तर खेळातला टाइपरायटर गाठल्याशिवाय सेव्ह करायची सोय नसायची. आधी यूपीएस, मग गेम.