आईच्या फोनचा आवाज बंद करा म्हणे!

गेल्या बुधवारी सकाळी नाशिकच्या पंचवटी कारंजाजवळच्या एका मेडिकलमध्ये माझी 71 वर्षांची आई डोळ्यांच्या थेंबांचे 1,360 रुपये द्यायला उभी होती आणि तिच्याच बँकेच्या ॲपने तिला दारात अडवले. काचबिंदूमुळे तिला आता अक्षरे वाचता येत नाहीत. पडद्यावर बोट फिरवले की तिथला मजकूर मोठ्याने वाचणारे एक ॲप तिच्या फोनमध्ये आहे आणि त्याच्या आधाराने गेली तीन वर्षे ती वीजबिलापासून भाजीपर्यंतचे सगळे व्यवहार कोणाचीही मदत न घेता करत आली आहे. आदल्या रात्री बँकेचे ॲप अपडेट झाले होते. सकाळी ते उघडताच सूचना आली की, आपल्या फोनमध्ये पडदा वाचणारे धोकादायक ॲप आढळले आहे, त्याची परवानगी काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ही सूचना आईला वाचून दाखवली ती त्याच 'धोकादायक' ॲपने. खाली बटण एकच होते: 'बाहेर पडा'.

मागे रांग खोळंबली होती. काउंटरवरचा मुलगा भला होता, तो म्हणाला, "आजी, फोन द्या इकडे, पिन सांगा, मी करून देतो." याच बँकेने वर्षानुवर्षे संदेश पाठवून आम्हाला बजावले आहे की पिन कोणालाही सांगू नका, आणि याच बँकेने सुरक्षेच्या नावाखाली एका म्हाताऱ्या बाईवर भर दुकानात अनोळखी माणसाला पिन सांगण्याची वेळ आणली! आईने पिन सांगितला नाही. ती थेंब तिथेच ठेवून घरी परतली, आणि मी सातपूरला कामावर आहे, मला त्रास नको म्हणून तिने संध्याकाळपर्यंत फोनही केला नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंब वेळेवर पडावेच लागतात, हे या अपडेटला मंजुरी देणाऱ्यांपैकी एकाच्या तरी घरात कोणाला माहीत असेल की नाही?

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाखेत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले, "मॅडम, व्यवहारापुरते ते बंद ठेवायचे आणि नंतर परत सुरू करायचे." जिला ते बंद केल्यावर पडद्यावरचे काहीच कळणार नाही, तिने पिन कुठे टाकायचा आणि ते परत सुरू कसे करायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. मग त्यांनी त्या सूचनेचा स्क्रीनशॉट मागितला. या ॲपमध्ये स्क्रीनशॉट काढता येत नाही, कारण तोही सुरक्षेसाठी बंद केलेला आहे.

पडदा वाचण्याच्या परवानगीचा चोर गैरवापर करतात, हे मला मान्य आहे. तशी परवानगी मिळालेले बनावट ॲप पिन वाचू शकते आणि मालकाच्या नकळत बटणेही दाबू शकते. पण खऱ्या सहायक ॲपला 'हे सहायक ॲप आहे' अशी खूण करण्याची सोय अँड्रॉइडच्या 2021 मधल्या बाराव्या आवृत्तीपासून आहे. खरे कोणते आणि बनावट कोणते हे तपासण्याचे कष्ट बँकेचे आहेत. ते टाळून तिने सरसकट सगळ्यांनाच बाहेर काढले. शिवाय फोनवर पोलीस असल्याचे सांगणाऱ्या ठगांच्या 'डिजिटल अटके'च्या भीतीने माणसे स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून लाखो रुपये पाठवतात, तेव्हा हे पहारे कुठे असतात? सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला, आणि ते प्रकरण दृष्टिहीनांच्या केवायसीचेच होते. ते बँकांना सांगायचे तरी कोणी?

हा राग काही आजचा नाही. मागच्या दिवाळीत आईचा फोन बदलला तेव्हा नोंदणीचा एसएमएस दुसऱ्याच सिममधून गेला, तीन प्रयत्नांनंतर ॲप दिवसभरासाठी बंद झाले, आणि सुरू झाल्यावर पहिले 24 तास 5,000 रुपयांची मर्यादा लागली. नवे खाते जोडले की थांबा, पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदला, तो पेस्ट करायचा नाही, जुना चालणार नाही.

नोटा छापणारा छापखाना आमच्या नाशिकरोडला आहे. न बघता बोटांना ओळख पटावी म्हणून 100 च्या नोटेच्या दोन्ही कडांना चार आणि 500 च्या नोटेला पाच उंचावलेल्या तिरप्या रेषा असतात. कागदाची नोट करतानासुद्धा कोणीतरी माझ्या आईसारख्यांचा विचार केला होता.

शाखेत लेखी तक्रार देऊन पोचेवर शिक्का घेतला आहे. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. तोवर आई गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पूर्वीसारखी रोख पैसे घेऊन जाईल आणि प्रत्येक नोटेची कड अंगठ्याने चाचपून भाजीवाल्याच्या हातात देईल.