बाळंतिणीच्या खोलीत सारवण नको, आणि त्या लाद्यांना हात लावू नका

परवा रात्री मावशीचा फोन आला. संगमेश्वर तालुक्यातल्या तिच्या जुन्या घरी माझी मावसबहीण पहिल्या बाळंतपणाला आली आहे, नववा महिना चालू आहे. मावशी म्हणाली, "सोमवारी गवंडी येतोय. माजघरातल्या लाद्या काढून टाकतो. खाली मूळची जमीन आहे, ती चोपून घेऊ नि सारवू. बाळाला चांगलं असतं म्हणे."

हे 'म्हणे' कुठून आलं ते लगेच कळलं. 'पूर्वजांचं विज्ञान : शेणाची जमीन' हा मेसेज गेल्या तीन आठवड्यांत मला चार जणांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय ते असं : शेणाने सारवलेली जमीन किरणोत्सर्ग शोषून घेते. ती जंतुनाशक असते, म्हणून नवजात बाळाला तिच्यावरच निजवावं आणि नाळेला शेणाची राख लावावी, म्हणजे धनुर्वात होत नाही. जुन्या सगळ्या घरांत हीच जमीन होती, रंगीत लाद्या इंग्रजांनी आणल्या. फरशीमुळे गुडघे जातात. सारवणं हा बायकांचा योग होता. आणि उन्हाळ्यात ही जमीन थंड राहते.

चार वेळा मी तो वाचून सोडून दिला. आता तो आमच्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचलाय, म्हणून लिहिते आहे.

धनुर्वाताचं आधी, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातील, या चुकीने बाळ जाईल. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि गुराढोरांच्या आतड्यांत राहतो. म्हणजे तो शेणात येतो, शेणातून गोठ्यात, अंगणात, जमिनीत जातो. त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात, साध्या उकळण्यालाही दाद देत नाहीत. ताजी कापलेली नाळ म्हणजे उघडी जखम. तिच्यावर शेण लावणं, किंवा गोवरीची राख कुठल्या हाताने, कुठल्या डब्यातून आली ते न बघता लावणं, म्हणजे आजार हाताने आत घालणं. अशी बाळं जन्मताना धडधाकट असतात, दोन दिवस नीट दूध ओढतात, आणि मग एकाएकी त्यांचं तोंड मिटतं.

माझ्या आजीची दोन मुलं अशीच गेली. एक सातव्या दिवशी, एक नवव्या. "तोंड उघडेना, अंग कमानीसारखं वाकलं," एवढंच ती सांगायची आणि पुढे बोलायची नाही. घर सारवलेलं होतं, लख्ख होतं. आजीच्या स्वच्छतेत काही कमी नव्हती. जंतू शेणातच होता.

हे प्रकार थांबले ते गरोदर बायकांना धनुर्वाताची लस मिळू लागल्यामुळे, आणि गावोगावच्या सुइणींना 'पाच स्वच्छता' शिकवल्यामुळे. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, नाळ बांधायला स्वच्छ दोरा, आणि नाळेच्या देठाला काहीही न लावणं. यातली दुसरी आणि पाचवी पुन्हा वाचा. हा मेसेज नेमक्या त्याच दोन मोडायला सांगतोय. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं ते 2015 साली. लस आणि स्वच्छता चालू राहिली तरच ते टिकतं, कारण जंतू मातीतून कुठेही गेलेला नाही.

'पण जमीन सारवलेली आणि वाळलेली असली तर?' असं मावशीने विचारलंच. त्याला मेक्सिकोचं उत्तर आहे. तिथे गरिबांच्या घरातल्या मातीच्या जमिनीवर सरकारने सिमेंटचा कोबा करून दिला. 'पिसो फिर्मे', म्हणजे पक्की जमीन, असं त्या योजनेचं नाव. तिच्या परिणामांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. जिथे घरभर मातीची जमीन होती आणि ती सगळी सिमेंटची झाली, तिथल्या लहान मुलांमध्ये जंतांचा प्रादुर्भाव 78 टक्क्यांनी, जुलाब 49 टक्क्यांनी आणि रक्तक्षय 81 टक्क्यांनी कमी झाला. आईबाप तेच, घर तेच, बदलली ती पायाखालची जमीन. तिथे शेणाचं सारवण नव्हतं, हे खरं. पण जंतांची अंडी मातीत टिकतात आणि रांगतं मूल जमिनीवर हात टेकून तोच तोंडात घालतं, ते मेक्सिकोत तसंच नि संगमेश्वरातही तसंच. मातीवर शेणाचा हात फिरवून तिची फरशी होत नाही.

सारवणात आणखीही काय काय असायचं ते मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. जमीन काळीभोर दिसावी म्हणून आमच्याकडे टॉर्चचे जुने सेल फोडून त्यातली काळी पूड शेणात कालवायचे. मी स्वतः लहानपणी दगडाने सेल फोडलेत. त्या पुडीत मँगनीज असतं, जस्ताचे क्षार असतात. पूर्वजांनी केलं म्हणून ते बाळाच्या अंथरुणाखाली घालायचं का?

किरणोत्सर्गाला फार जागा देत नाही. भेदक किरण अडतात ते जाड, जड वस्तूने, शिशाने किंवा काँक्रीटच्या भिंतीने. सारवणाचा थर नखाएवढाही जाड नसतो. 2020 साली राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप मोबाइलचा किरणोत्सर्ग कमी करते असं जाहीर केलं, तेव्हा देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र काढून त्याचा पुरावा मागितला होता. उलट जमिनीतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू उघड्या मातीतून जास्त सहज घरात येतो, पक्क्या कोब्यातून कमी.

बायकांच्या 'योगा'बद्दल मात्र मला राग येतो. गोठ्यातून शेण आणायचं, कालवायचं, ओणवं होऊन हाताने अर्धगोल काढत मागे सरकत जायचं, ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत. आठ दिवसांनी पुन्हा. सणाला वेगळं, पाहुणे येणार असले तर वेगळं. पावसाळ्यात जमीन दोन दोन दिवस वाळायची नाही आणि ओल्यातच अंथरुणं पडायची. थंडीत आजीच्या बोटांच्या भेगांतून रक्त यायचं, त्यावर ती खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा शेणात हात. घरात लाद्या आल्या तेव्हा सगळ्यांत आनंद तिला झाला होता. योग करणारा माणूस कंटाळला तर एक दिवस सोडू शकतो. तिला ती मुभा नव्हती.

आता लाद्या. जुन्या घरांत एकच एक जमीन कधी नव्हती. बांधणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे आणि जवळ मिळणाऱ्या दगडाप्रमाणे कुठे मातीची, कुठे चुन्याचा कोबा, कुठे शहाबादी फरशी. शहाबाद आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, कडाप्पा आंध्रातला. यात विलायती काय आहे? विलायतेहून आलेल्या लाद्याही होत्या, नाही म्हणत नाही. मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये इंग्लंडच्या मिंटन कारखान्याच्या लाद्या आहेत. पण त्या भट्टीत भाजलेल्या मातीच्या. आपल्या घरांतल्या नक्षीच्या लाद्या बहुतेक सिमेंटच्या, आणि त्या भाजतच नाहीत. साच्यात पत्र्याची नक्षी बसवून तिच्या एकेका कप्प्यात रंगीत सिमेंट ओततात, वर कोरडं सिमेंट-रेती घालून दाबयंत्राखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. तंत्र युरोपातून आलं, हे मान्य. पण 1922 साली सिधवा कुटुंबाने मुंबईत भारत टाइल्स काढली ती स्वदेशीच्या प्रेरणेने, बाहेरून येणारा माल आपल्याकडे व्हावा म्हणून.

मावशीच्या माजघरातल्या लाद्या तिच्या सासऱ्यांनी 1938 साली मुंबईहून आणल्या. गिरणीतला पगार साठवून घेतल्या, बोटीने जयगडला उतरवल्या, तिथून होडीने वर. लाल, पिवळा आणि काळा, मधे आठ पाकळ्यांचं फूल. सत्त्याऐंशी वर्षांनंतरही नक्षी तशीच आहे, कारण रंग वरवर फासलेला नसतो, त्याचा दोन-तीन मिलिमीटरचा थर असतो. त्याही या घराच्या मूळच्याच. आणि गवंड्याच्या छिन्नीने त्या अखंड निघत नाहीत, तुकडे होतात. मळल्या असतील तर साध्या साबणाने आणि काथ्याने घासा. अॅसिड अजिबात नको, ते सिमेंट खातं. शहाबादी फरशीलाही तेच.

गुडघ्यांचं म्हणाल तर कडक जमिनीवर दिवसभर उभं राहून पाय दुखतात, त्याला चपला घालाव्यात, लाद्या फोडू नयेत.

थंडाव्याचा मुद्दा खरा आहे. मातीची जमीन उन्हाळ्यात सुखाची असते, पायाला मऊ लागते, आणि शेणातल्या गवताच्या तंतूंमुळे मातीला भेगा कमी पडतात, धूळ बसून राहते. माती सोडून दुसरं काही परवडत नव्हतं तेव्हा सारवणं हाच शहाणपणा होता. मलाही ओल्या सारवणाचा वास आला की आजोळ आठवतं.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, पाऊण तास लागला. शेवटी ती म्हणाली, "मग अंगण तरी सारवू ना गं?" म्हटलं, अंगण खुशाल सारव, तुळशीपुढे तर सारवच, फक्त नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नकोस. गवंड्याला तिने नको म्हणून कळवलंय. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात होईल, बहिणीचे लशीचे दोन्ही डोस झालेत, आणि राखेचा डबा मी रविवारी जाऊन स्वतः उचलणार आहे.