दीडशेला तयार मिळतो

काल बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात माझी अक्कल काढली गेली. दुकानदाराने काढली असती तर पचलं असतं. तेवढी तयारी ठेवूनच आपण पेठेत जातो. काढली ती रिमोटचं रबर घ्यायला आलेल्या एका काकांनी.

मला हवा होता फेराइटचा ईई-२५ कोअर, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरचा तीन पायांचा गाभा, मधल्या पायात अर्धा मिलिमीटर गॅप, म्हणजे फट, असलेला. काकांनी काउंटरवरची माझी यादी सरळ उचलून डोळ्यांजवळ धरली.

"काय बनवताय?"

"एसएमपीएस. बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय."

"म्हणजे चार्जर."

"चार्जर नाही हो. २३० व्होल्ट एसीचं आधी सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतं, मग मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच ते सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद..."

"राउटर चालेल त्यावर?"

"चालेल, पण..."

"मग चार्जर." दुकानदाराकडे वळून, "हा तयार केवढ्याला?"

"दीडशे."

"आणि ह्यांचा?"

दुकानदाराने कॅल्क्युलेटर बडवला आणि आकडा मला नाही, काकांना दाखवला. काकांनी मला चपलेपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नोकरी आहे ना?"

"डिझाइन ओपन सोर्स आहे काका. फुकट. कुणीही बघावं, बदलावं, बनवावं."

"हां. म्हणजे मुहूर्त फुकट, कार्यालय विकत."

दुकानदार हसला. पेठेत ही घटना दुर्मीळ, आणि ती माझ्या खर्चाने घडली.

दीडशेचे ते तयार डबे मी उघडून पाहिलेत. बोर्डावर फिल्टरची जागा छापलेली असते, तिथे चोक, म्हणजे फिल्टरची कॉइल, नसतो, नुसती तार डकवलेली. वर दोन अँपिअर लिहिलेलं, दीडलाच व्होल्टेज मान टाकतं. प्रायमरी, म्हणजे २३० व्होल्टची बाजू, आणि सेकंडरी, म्हणजे बारा व्होल्टची, यांत सहा मिलिमीटर तरी अंतर हवं, तिथे जेमतेम दोन. जळला की फेका आणि दुसरा आणा. सर्किटच कुठे मिळत नाही तर दुरुस्त काय करणार? हे सगळं काकांना ऐकवायचं होतं. पण ते रबरावरची बटणं मोजत होते.

"गॅपवाला येत नाही," दुकानदार म्हणाला. "साधा घ्या, मधे कागद घाला."

चूक नव्हतं. कागद तिन्ही पायांत जातो, चुंबकीय वाटेत एकाऐवजी दोन फटी येतात, म्हणून जाडी निम्मी, पाव मिलिमीटर. मी विचारलं, "कसला कागद?"

त्याने माझं बिल फाडलं, दोन घड्या घातल्या आणि कोअरबरोबर पुडीत टाकलं.

"हा चालेल. आणि बदलून पाहिजे असेल तर बिल आणायचं, बिलाशिवाय बदलत नाही."