वजनकाटा राहू दे, दोरा घ्या

"पोरगं अंगानं भरलंय, पैलवान होणार!" हे कौतुक कोल्हापुरात अजून घरोघरी चालतं. पण 14 वर्षांच्या पोराचे हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढं, याला भरणं म्हणत नाहीत. काट्यावर असं पोर बऱ्याचदा 'नॉर्मल'च निघतं. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! आपली ठेवणच अशी, त्यामुळं काट्यावर भरवसा नको.

पोराच्या उंचीएवढा दोरा तोडा, मधोमध दुमडा, कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे पोटावर नको तेवढी चरबी साठलीय. चूक होते ती जागेत. पोरं जीन्सच्या पट्ट्यावर मोजतात, आणि तो पोटाखाली घसरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये मोजायचं. उपाशीपोटी, शर्ट वर करून, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढलं की सगळं मुसळ केरात.

मानेमागं काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसली तर मळ समजून घासत बसू नका. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा. मुलीची पाळी सारखी लांबत असेल तर तेही सांगा.

उगाच मिसळीला शिव्या नकोत, ती आठवड्यातनं एकदा. घोळ रोजच्या संध्याकाळचा आहे. शाळा सुटली की क्लास, मधल्या वेळात वडापाव आणि कोल्ड्रिंक. 250 मिलीत 26 ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे पाच चमचे. घरी यायला साडेनऊ, जेवताना समोर मोबाईल, झोप साडेबाराला, सकाळी सहाला परत क्लास. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. ती तुटली की भुकेचं संप्रेरक घ्रेलिन चढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरतं आणि गोड-तळलेलंच खावंसं वाटतं. पाचच्या सुमारास डब्यातली भाकरी-उसळ पोटात गेली तर वडापावची निम्मी ओढ तिथंच संपते.

"आम्ही साखर नाही, गूळ देतो." गूळ आपला लाडका, पण 100 ग्रॅमला साधारण 380 कॅलरी, साखर 400 च्या जवळ. पोटाला फरक कळत नाही.

आणखी एक खास आपल्याकडचं: खुराक तालमीचा, मेहनत क्लासच्या बाकावरची. पहाटे जोर-बैठका मारून लढत करणाऱ्याची थंडाई आणि तूप बसून राहणाऱ्याला कसं पचायचं? मग पोरं रात्री सिटअप्स मारतात. त्यानं पोटाचे स्नायू घट्ट होतात, वरची चरबी तिथल्या तिथं जळत नाही. रोज 60 मिनिटं धाप लागेल असं पळणं, सायकल, फुटबॉल हवं. रविवारी टर्फवर तासभर, त्यातही गोलीला उभं, यानं आठवडा भागत नाही. (रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपर्यंतचं चालणंही मोजू नका.)

उपाशी मात्र ठेवू नका. उंची 160 सेंटिमीटर, कंबर 84 असेल तर 80 च्या आत यायला हवं. पण पोर 6 सेंटिमीटर वाढलं की निम्मं 83 होतं. वाढत्या वयात कंबर आहे तिथं रोखली तरी बरंच काम होतं. माप महिन्यातनं एकदा, पाहुण्यांसमोर नाही, पोराच्याच हातानं. आणि दोरा दर वेळी नवा तोडायचा, तेवढ्यात उंची वाढलेली असते.